मालवाहू वाहने, महाराष्ट्रातील

माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या साधनांस मालवाहू वाहने म्हणतात. त्यांत ओझ्याची जनावरे, ओढगाड्या, जलयाने, आगगाडीची वाघिण व यांत्रिक मोटारगाड्या या सर्वांचा समावेश होतो. महाराष्ट्रात या साधनांचा क्रम प्रामुख्याने भूरचनेने ठरविला. अरुंद कोकणपट्टी, तिच्या पूर्वेस भिंतीसारखी उभी असलेली सह्याद्रीची रांग आणि त्यापलीकडील दख्खनचे पठार अशी ही रचना आहे. मीठ, नारळ, मासे व परदेशी माल पठारावर चढवावयाचा आणि धान्य, कापूस व कापड खाली बंदरांवर उतरवावयाचे, हा येथील वाहतुकीचा शतकानुशतकांचा प्रश्न होय. कोणते वाहन किती काळ टिकले, हे त्याच्या बांधणीपेक्षा घाटातील वाट, वाटेवरील चारा आणि सरकारी नियम यांवरच अधिक अवलंबून राहिले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक समुद्रप्रवासवर्णनात पैठण आणि तगर (सध्याचे तेर) या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठण हे भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर, तर तगर त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे त्यात म्हटले असून, तेथील अकीक व सुती कापड गाड्यांतून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून, भडोचला येई असे वर्णन आहे. यावरून पठारावर चाकाच्या गाड्या फार पूर्वीपासून होत्या हे स्पष्ट होते. तथापि घाटात गाडी निरुपयोगी होती. जुन्नरहून कल्याण व सोपारा या बंदरांकडे जाणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचे लेणे व शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता अशी परंपरा सांगतात. या वाटेने जाणारा माल बैलांच्या, गाढवांच्या व माणसांच्या पाठीवरूनच जात असे.

तांडा : लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीचे मध्ययुगातील मुख्य साधन म्हणजे वंजारी-लमाणांचा बैलतांडा होय. ‘लमाण’ हा शब्द संस्कृत ‘लवण’ (मीठ) या शब्दाशी जोडला जातो व ‘वंजारी’ या शब्दाचा संबंध वाणिज्याशी लावण्यात येतो. या व्युत्पत्ती मान्य केल्या वा न केल्या, तरी त्या या लोकांचा व्यवसाय नेमका दाखवितात. बैलाच्या पाठीवर खोगीर व त्यावर दोन्ही बाजूंस लोंबणारी दुतोंडी कंठाळ टाकून तीत सु. सव्वाशे ते दीडशे किग्रॅ. माल भरला जाई. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. झां बातीस्त ताव्हेर्न्ये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. समोरून असा तांडा आला, तर अरुंद वाटेवर प्रवाशास दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, अशी त्याची तक्रार आहे. तांड्यातील लोकांचे चार वर्ग असून ते अनुक्रमे धान्य, तांदूळ, डाळी व मीठ असा एकेकच माल वाहतात, असेही तो नमूद करतो. दहा हजार बैलांचा तांडा म्हणजे सु. सव्वा ते दीड हजार टन माल. हे वजन सध्याच्या एका पूर्ण भरलेल्या मालगाडीच्या निम्म्याच्या आसपास येते.

तांड्याची चाल मंद होती. दिवसाकाठी दहा-बारा किमी. एवढीच मजल मारली जाई. पण ही मंदगती हा दोष नसून त्या व्यवसायाचे गमकच होते. बैल चरत चरत पुढे जात आणि त्यांना विकतचा चारा लागत नसे. माणसेही बायकामुलांसह तांड्यातच राहत, त्यामुळे त्यांच्या निवासाचा वेगळा खर्च नव्हता. वाहतुकीचा दर इतका कमी पडे, की धान्य व मीठ यांसारखा स्वस्त आणि जड मालही शेकडो किमी. दूर नेणे परवडत असे. पडीक जमीन, गायराने आणि वाटेवरचे जंगल मोकळे असणे ही मात्र त्यासाठीची अट होती. पुढे ही अटच नाहीशी झाली.

सैन्यांना रसद पुरविणे हे तांड्यांचे दुसरे मोठे काम होय. शाहजहानच्या काळात आसफखानाबरोबर दख्खनमध्ये उतरलेल्या भंगी व जंगी या नायकांकडे १,८०,००० बैल होते, आणि त्यांना खानाने सुवर्णाक्षरी ताम्रपट देऊन सवलती दिल्या होत्या, अशी बंजारा समाजात परंपरा आहे. आकडा परंपरेचा असला, तरी सत्ताधीशांना या नायकांची मनधरणी करावी लागे ही गोष्ट खरी. युद्धात दोन्ही पक्ष सामान्यतः तांड्यांना हात लावीत नसत, कारण उद्या त्यांचीच गरज लागणार असे. पानिपतच्या मोहिमेत (१७६०–६१) मराठ्यांची रसद तुटल्यावर सैन्याचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीने (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) धान्यपुरवठ्यासाठी वंजाऱ्यांवर भिस्त ठेवली होती व त्याच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो. १८१९ मध्ये जॉन ब्रिग्झ या अधिकाऱ्याने मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. राज्यकर्त्यांना त्या काळी हा समाज किती महत्त्वाचा वाटत होता, याची ही लेखी साक्ष होय.

वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईस न येता बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला आणि तेथून गंगेतून कलकत्त्याकडे जात असे. वाटेत धूळ आणि अवेळीचा पाऊस यांनी माल खराब होई. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी व्यापारी बंधूंनी हा कापूस मुंबईकडे वळविण्यास आरंभ केला. मात्र त्यासाठीही वाहन बैलच होता. घाट गाडीजोगा होईपर्यंत दुसरा उपाय नव्हता.

बैलगाडी : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दख्खनी गाडा हे अवजड वाहन होते. त्याची चाके भरीव लाकडाची किंवा दगडाची असून तो ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत. असा गाडा बहुधा अनेक शेतकऱ्यांच्या सामाईक मालकीचा असे आणि त्याचा उपयोग शेतातून खळ्यापर्यंत कणसे आणण्यापुरताच होई. पुणे व सोलापूर भागांत महसुली पाहणी चालू असताना १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेस्फर्ड या पाहणी अधिकाऱ्याने टेंभुर्णी (जि. सोलापूर) येथे सुधारलेल्या हलक्या गाड्या बांधण्याचा कारखाना काढला. आऱ्यांचे चाक, लोखंडी आस आणि एका जोडीने ओढता येईल असे वजन ही या गाडीची वैशिष्ट्ये होती. गावोगावच्या सुतार-लोहारांनी हा नमुना उचलला व पुढील पिढीत तो इतका रुळला, की ही गाडी मूळची येथीलच असे सर्वांना वाटू लागले.

या गाडीच्या चाकात मध्यभागी तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले लाकडी पाटे व त्यांवर लोखंडी धाव असे भाग असतात. धाव भट्टीत लाल करून चाकावर चढवितात व लगेच पाणी ओततात. धाव आकसते आणि सर्व सांधे आवळले जातात. सुतार व लोहार यांच्या कामाचा इतका नेमका मेळ ग्रामीण कारागिरीत क्वचितच आढळतो. वर बसविलेली साटी, पुढे निघालेल्या दांड्या, जू आणि शिवळा यांनी गाडी पुरी होते. आसाला घालावयाच्या वंगणाचा नळा गाडीखाली टांगलेला असे. अशी गाडी साधारणपणे अर्धा ते एक टन माल नेई. म्हणजे दोन बैल पाठीवरून जेवढे नेत, त्याच्या दुप्पट ते चौपट. तांड्याच्या अर्थव्यवहारावर हा पहिला आघात होता.

गाडीला रस्ता लागतो. बोरघाट वेलस्लीने १८०४ च्या सुमारास तोफा जातील इतपत केला होता. गाड्यांचा रस्ता सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना १८३० मध्ये खुला झाला. त्यापूर्वी पठारावरून आलेला माल घाटमाथ्यावर उतरवून बैलांवर वा हमालांच्या डोक्यावर लादावा लागे. आता पुण्याची गाडी थेट पनवेलपर्यंत जाऊ लागली आणि तेथून पडाव व मचव्यांतून माल मुंबईस पोहोचू लागला. पनवेलला त्यामुळे मोठी बरकत आली. तेथे चाके बनविण्याचा धंदा भरभराटला व घाट उतरून आलेले गाडीवान परतताना नवी चाके विकत नेत. या व्यवहारात हुंडेकरी हा मध्यस्थ महत्त्वाचा होता. वाटेतील जकातीसह सर्व खर्चाचा एकच ठराव करून तो माल पोहोचता करण्याची हमी घेई. मालमोटारींच्या काळातही हा शब्द टिकून राहिला.

या बदलाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ज्या पाहणी खात्यातून नवी गाडी आली, त्याच खात्याने जमिनीची मोजणी करून पडीक रान लागवडीखाली आणले. पाठोपाठ १८६५ व १८७८ चे जंगल कायदे झाले आणि चराईवर बंधने आली. फुकटच्या चाऱ्यावर उभा असलेला तांडा असा दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडला.

लोहमार्ग : मुंबई–ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत व १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गेला. घाटावरील खंडाळा–पुणे हा भाग १८५८ मध्ये चालू झाला. मधल्या घाटाचे काम मात्र पाच वर्षे रेंगाळले आणि तेवढा काळ खालच्या गाडीतील माल बैलगाड्यांवर लादून वरच्या गाडीपर्यंत न्यावा लागे. जगातील अत्याधुनिक वाहनाच्या दोन तुकड्यांना जोडण्याचे काम त्या वेळी बैलाने केले. बोरघाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास ४० हजारांहून अधिक मजूर होते आणि पटकीच्या साथींनी त्यांत फार मोठी प्राणहानी झाली. १८६३ मध्ये हा मार्ग खुला झाला. त्याचा तीव्रतम चढ ३७ स एक असा होता व गाडीची दिशा उलट करण्यासाठी वाटेत खास स्थानक ठेवावे लागले, ते १९२९ पर्यंत वापरात होते. थळघाटाचा मार्ग १८६५ मध्ये पुरा होऊन १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. कापसाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावला १८७० मध्ये फाटा मिळाला. १९२८ पासून घाटात मालगाड्या ओढण्यासाठी विजेची एंजिने आली. चालताना होणाऱ्या त्यांच्या विशिष्ट आवाजामुळे रेल्वेत त्यांस ‘खेकडा’ म्हणत.

लोहमार्गाने बैलगाडी नष्ट केली, हा समज बरोबर नाही. लांब पल्ल्याच्या हमरस्त्यांवरील गाड्या कमी झाल्या आणि पनवेलचा व्यापार ओसरला, हे खरे. परंतु प्रत्येक स्थानकाभोवती बाजार उभा राहिला व शेतापासून त्या बाजारापर्यंतचे पंधरावीस किमी. अंतर तोडण्यास पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक गाड्या लागू लागल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि अनेक शेतकऱ्यांना स्वतःची गाडी घेणे शक्य झाले. नष्ट झाला तो तांडा. लांब पल्ला आगगाडीने घेतला व जवळचा पल्ला शेतकऱ्याच्या गाडीने. मधे जागाच उरली नाही.

१८७६–७८ च्या दुष्काळात या व्यवस्थेची कसोटी लागली. आगगाडीने धान्य स्थानकांपर्यंत आणले. परंतु चाऱ्यापाण्याविना बैल मेले, तेव्हा स्थानकापासून दूर असलेल्या गावांपर्यंत ते नेणार कोण, हा प्रश्न उरला. जनावरावर चालणारी वाहतूक दुष्काळात माणसाआधी कोसळते. शिवाय रुळांवरून धान्य येते तसे जातेही. जेथे भाव अधिक तिकडे ते जाते, आणि भुकेल्या मुलखात पैसा असतोच असे नाही.

बेकार झालेल्या तांड्यांपैकी काहींनी शेती धरली, काही मजुरीस लागले, काही गुरांच्या व्यापारात शिरले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली निरनिराळ्या प्रदेशांत ज्या भटक्या जमाती आणण्यात आल्या, त्यांत बंजाऱ्यांचाही समावेश झाला. ज्यांच्या बैलांवर एकेकाळी सैन्ये जगली, त्यांना पोलिसांत हजेरी लावावी लागली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि महाराष्ट्रात या समाजाची गणना विमुक्त जातींत होते. याच समाजातील वसंतराव नाईक हे १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

मालमोटार : पहिल्या महायुद्धानंतर मोटारगाड्या रस्त्यांवर वाढल्या. रस्ते त्यांना पुरे पडत नव्हते. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून पेट्रोलवरील करातून केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला (१९२९). पण मोटार आगगाडीचे उत्पन्न हिरावून घेईल या भीतीने चौकशी समित्याही नेमण्यात आल्या, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारीस परवान्याची चौकट घातली. रेल्वेत सरकारचे भांडवल गुंतलेले होते, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे त्या चौकटीचा अर्थ कळतो. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशाच्या रस्त्यांचा पहिला सर्वंकष आराखडा तयार केला. तो ‘नागपूर योजना’ या नावाने प्रसिद्ध आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात मालमोटारी बांधल्या. १९५४ मध्ये टाटा कंपनीने डाइम्लर-बेन्झ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेटपूर येथे उत्पादन सुरू केले, व पुढे पुण्याजवळही तिचा मोठा कारखाना झाला. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीची तीनचाकी मालगाडी मराठी भाषेला ‘टेंपो’ हे सामान्यनाम देऊन गेली. पुढे ‘मेटॅडोर’ आणि २००५ मध्ये आलेल्या टाटा एस या लहान गाडीला लोकांनी दिलेले ‘छोटा हत्ती’ हे नाव, ही त्याच परंपरेतील उदाहरणे होत.

देशातील मालवाहतुकीत १९५०-५१ मध्ये रेल्वेचा वाटा सु. ८५ टक्क्यांहून अधिक होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो एकतृतीयांशाच्या आसपास आला. दारापासून दारापर्यंत माल नेण्याची सोय हे याचे मुख्य कारण. अडथळे मात्र मालमोटारीच्या वाट्याला कमी आले नाहीत. प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना लागे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय परवाना योजनेने तो त्रास काहीसा कमी केला. जकात नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत आणि चालक व क्लीनर तासन्‌तास तेथेच अडकून पडत. नाणेघाटातील रांजणाचीच ही आधुनिक आवृत्ती. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईतील जकात बंद झाली. कोकण रेल्वेने १९९९ पासून भरलेल्या मालमोटारीच आगगाडीवर चढवून कोलाड (जि. रायगड) ते वेर्णा (गोवा) नेण्याची सेवा सुरू केली. दीर्घकाळच्या स्पर्धेनंतर दोन वाहनांनी केलेली ही तडजोड होय.

वाहन कोणतेही असो, ते भरण्या-उतरविण्याचे काम दीर्घकाळ माणसाच्या पाठीनेच केले. मुंबईच्या गोदीत व घाऊक बाजारांत हातगाडीवाले आणि माथाडी कामगार हे काम करीत. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या चळवळीतून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला व अशा कामगारांना मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी इ. लाभ मिळू लागले. दरम्यान गोदीचे कामच बदलत होते. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, तेव्हापासून ठराविक मापाच्या पोलादी पेटीचे युग सुरू झाले. जहाज, वाघिण आणि मालमोटार या तिघांवर तीच पेटी न उघडता चढविता येते. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर मुंबई गोदीतील पेट्यांची वाहतूक तिकडे गेली आणि तिच्याबरोबर गोणी उचलणाऱ्या हातांचे कामही घटले.

बैलगाडीचे अलीकडचे रूप म्हणजे रबरी टायरची गाडी. लोखंडी धावेने डांबरी रस्ते उखडत, म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात हवा भरलेल्या टायरांच्या गाड्या पुढे आल्या. बैलावरील ताण त्यांनी कमी झाला व भार मात्र वाढला. प्रवरानगर येथे १९५० मध्ये पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात असे अनेक कारखाने निघाले, तेव्हा ऊस फडातून कारखान्यापर्यंत नेण्याचे काम या टायरगाडीने केले. गाडी बहुधा कारखान्याची, बैल मात्र मजुराचे. बीड व आसपासच्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतून वंजारी, बंजारा व इतर समाजांची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पतिपत्नीच्या जोडीला या धंद्यात एक ‘कोयता’ म्हणतात. पहाटे ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधून गाडी रचावयाची आणि रात्री कारखान्याच्या आवारात गाड्यांच्या रांगेत आपला क्रम लागेपर्यंत थांबावयाचे, असा त्यांचा दिनक्रम असतो. ट्रॅक्टर व ऊसतोडणी यंत्र यांचा वापर वाढत असून त्या प्रमाणात टायरगाड्यांची संख्या घटत आहे.